अदलाबदलीचा न्याय

गेल्या तीन हंगामांपासून माझ्याकडे एक बिनपगारी काम आलं आहे. भाचा आणि त्याचे मित्र मिळून बास्केटबॉलची एक फॅन्टसी लीग खेळतात. तिच्यात दोघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल केली, की ती रास्त आहे की नाही हे मी सांगायचं. मी स्वतः संघ लावत नाही, वयाने सगळ्यांपेक्षा मोठा आहे आणि बहुतेकांच्या घरी माझं जाणंयेणं आहे, एवढ्याच पात्रतेवर ही नेमणूक झाली. वाटूरचे तिघे, पुण्यात नोकरी करणारे चौघे, छत्रपती संभाजीनगरचे दोघे आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला एक, असे हे दहा जण. अमेरिकेत संध्याकाळचे सामने सुरू होतात तेव्हा आपल्याकडे पहाट असते. हिवाळ्यात फजरची नमाज आटोपून फाट्यावर चहाला आलेली वाटूरची पोरं मोबाइलवर डेन्व्हर आणि मिलवॉकीचे आकडे बघत बसतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या लीगमध्ये पैसा नाही. ना प्रवेश फी, ना बक्षीस. पैसा लावला की तो जुगार होतो आणि तो मला चालणार नाही, ही माझी पहिली अट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. आमच्या पोरांना त्या कायद्याने काही फरक पडला नाही. पैसा नसल्यामुळे इथे भांडणं होत नसतील असं कोणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. पैसा नसला की राहते ती इज्जत, आणि इज्जतीवरून होणारी भांडणं जास्त लांबतात.

खेळ थोडक्यात असा. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाने अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेतले तेरा-तेरा खेळाडू वाटून घ्यायचे. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग खऱ्या सामन्यांत ते खेळाडू जे करतील ते आपल्या खात्यावर जमा. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांचे बास्केट, नेमबाजीची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि चेंडू गमावणं असे नऊ रकाने असतात. दर आठवड्याला दोन संघांची गाठ पडते. ज्याचे जास्त रकाने सरस, तो जिंकला. हंगामाच्या मध्यात दोघांनी ठरवून खेळाडू बदलले तर त्याला ट्रेड म्हणतात. आणि ट्रेड झाला रे झाला की उरलेल्या आठांपैकी कोणीतरी मला मेसेज टाकतो, "मामू, ये तो जुलूम है."

जुलूम म्हणजे काय, हे ठरवणं सुरुवातीला सोपं वाटलं. दोन्ही खेळाडूंचे आकडे शेजारी ठेवायचे, कोणाचं पारडं जड ते पाहायचं आणि फार जड असेल तर ट्रेड मोडायचा. पहिल्या दोन-तीन तक्रारींतच कळलं, की या तराजूत काही मोजता येत नाही. यानिस आंटेटोकुंपो आणि स्टीफन करी यांचं उदाहरण घ्या. यानिस २०२४-२५ च्या हंगामात सामन्याला सरासरी तीस गुण आणि बारा रिबाउंडच्या आसपास होता. पण फ्री थ्रोमध्ये शंभरातले बासष्टच बसत होते, आणि तो सामन्याला दहाहून अधिक फ्री थ्रो घेतो. म्हणजे त्याला संघात घेतलं की बाकीच्या बारा जणांची टक्केवारीही तो खाली ओढतो. करीचे शंभरातले त्र्याण्णव बसत होते, पण रिबाउंड जेमतेम. आता ज्याचा संघ फ्री थ्रोच्या रकान्यात आधीच बुडालेला आहे, त्याला यानिसचा तो दोष लागतच नाही. बुडालेल्याला आणखी पाणी ते काय! त्याच्यासाठी यानिस सोनं आहे. आणि ज्याचा संघ फ्री थ्रोवर जिंकतो आहे, त्याच्यासाठी तोच यानिस घातक. अशा दोघांनी यानिस आणि करी बदलून घेतले तर दोघांचाही फायदा होतो. बाहेरून बघणारा मात्र म्हणतो, कोणीतरी नक्कीच फसलं.

हे मला नवीन वाटायला नको होतं. गुरांच्या बाजारात मी हेच बघत मोठा झालो. अब्बा व्यापारी नव्हते, कोरडवाहू शेतकरी होते. पण त्यांना जनावराची पारख होती, म्हणून बाजारात जाताना लोक त्यांना सोबत न्यायचे. तेव्हा बैलाला बैल देऊन वर पैसे घेण्याचे व्यवहार बरेच व्हायचे. एखाद्याच्या जोडीतला एक बैल पेरणीच्या तोंडावर मेला तर उरलेल्याला जोडीदार हवा. त्यातही जू कोणत्या बाजूने ओढायची सवय आहे, हे बघावं लागतं. डावीकडे चालायची सवय असलेला बैल उजवीकडे जुंपला तर पहिले काही दिवस तास सरळ पडत नाही. त्यामुळे डाव्या बाजूचा बैल शोधणारा शेतकरी चार दाती, उमदा पण उजवीकडचा बैल देऊन त्याच्याहून वयस्कर, डावीकडचा बैल घ्यायचा. बघणारे हसायचे. त्याच्या शेतात पेरणी व्हायची.

भाव ठरायचा उपरण्याखाली. देणारा आणि घेणारा कापडाखाली एकमेकांची बोटं धरायचे, बोटांवरून आकडा कळायचा, आणि भोवती उभ्या असलेल्यांना काही समजायचं नाही. बाहेरच्या माणसाला यात लपवाछपवी दिसते. पण आता विचार करताना लक्षात येतं, की तिथे लपलेला फक्त आकडा असायचा. बैल सकाळपासून उन्हात उभा असायचा. कोणीही यावं, त्याचं तोंड उघडून दात मोजावेत, चालवून बघावा, खुरं बघावीत, खोड विचारावी. अब्बा सौदा स्वस्त की महाग हे कधी सांगायचे नाहीत. ते विचारायचे, "बैल चालवून पाहिलास का? मारका आहे का विचारलंस का? आणखी कोणाचा बघितलास का?" तिन्ही प्रश्नांना हो आलं, की पुढचं त्यांचं काम नसायचं.

या लीगमध्ये आधी मतदानाची पद्धत होती. ट्रेड झाला की उरलेल्या आठ जणांनी मत द्यायचं, आणि ठरावीक मतं विरोधात गेली की तो रद्द. अशा लीगमध्ये ही पद्धत जगभर चालते आणि कागदावर ती लोकशाहीची वाटते. पण मत देणारे आठही जण त्याच स्पर्धेत उतरलेले असतात. शेजाऱ्याचा संघ बळकट होतो आहे, एवढंच त्यांना दिसतं. पहिल्या हंगामात मतदानाने चार ट्रेड पडले. त्यांतले तीन पाडण्यात पहिल्या नंबरवर असलेल्याने पुढाकार घेतला होता. मी मतदान बंद केलं ते त्यामुळे.

हा प्रश्न खऱ्या एनबीएलाही चुकलेला नाही. डिसेंबर २०११ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या संघाने ख्रिस पॉलला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवण्याचं ठरवलं. ह्यूस्टन धरून तीन संघांचा सौदा होता आणि न्यू ऑर्लीन्सला बदल्यात चांगले, अनुभवी खेळाडू मिळणार होते. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी तो होऊ दिला नाही. कारण दिलं ते खेळाच्या दृष्टीने योग्य नसल्याचं. अडचण अशी, की त्या वेळी न्यू ऑर्लीन्सचा संघच लीगच्या मालकीचा होता. आधीच्या मालकाकडून तो लीगने विकत घेतला होता. म्हणजे मालकाच्या जागी जो, तोच न्यायाधीशाच्या खुर्चीत. काही दिवसांत पॉल त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडे, क्लिपर्सकडे गेला. स्टर्न यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद होतो. त्या वादाचा निकाल लागू शकत नाही, कारण न्याय देणाऱ्याचाच सौद्यात हिस्सा होता. मी संघ लावत नाही, यामागचं कारण इतकंच आहे.

मतदान गेलं आणि सगळा भार माझ्यावर आला. त्यातली दोन प्रकरणं सांगण्यासारखी आहेत.

पहिलं फेब्रुवारी २०२५ चं. व्हिक्टर वेम्बान्यामा हा सॅन अँटोनियोचा सव्वासात फुटांच्याही वरचा फ्रेंच पोरगा त्या हंगामात ब्लॉकच्या रकान्यात कोणालाच ऐकत नव्हता. २० फेब्रुवारीला बातमी आली, की त्याच्या उजव्या खांद्याच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे आणि तो उरलेल्या हंगामात बहुधा खेळणार नाही. अमेरिकेत तेव्हा दिवस होता, आपल्याकडे रात्र. वेम्बान्यामा होता न्यू जर्सीच्या मित्राकडे. बातमी वाचून काही मिनिटांतच त्याने वाटूरच्या एका पोराला प्रस्ताव पाठवला, वेम्बान्यामा घे आणि तुझे दोन चांगले खेळाडू दे. पोरगा रात्री लवकर झोपणारा. पहाटे उठला, प्रस्ताव दिसला, हरखून गेला आणि बातमी बघायच्या आधी होकार दाबून मशिदीत गेला. परत येईपर्यंत ग्रुपवर हसू सुरू झालं होतं.

न्यू जर्सीवाल्याचं म्हणणं सरळ होतं. बातमी मी दाबून ठेवली नव्हती. ती सगळ्या जगाला माहीत होती. खेळायचं तर बातमी बघणं हे ज्याचं त्याचं काम. त्याने होकार दिला, मी हात धरून दाबायला लावला नाही.

यातला एकेक मुद्दा खरा आहे. तरीही तो ट्रेड मी रद्द केला. आपल्याकडे कापसाची खेडा खरेदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कारण सांगायला नको. मोंढ्यात भाव चढल्याचा फोन व्यापाऱ्याला सकाळी आलेला असतो, आणि शेतकऱ्याला तो कळायच्या आत त्याच्या अंगणात काटा लागलेला असतो. शेतकरीही हसतमुखाने हो म्हणतो. बाजाराकडे निघालेल्या काफिल्याला वाटेतच गाठून त्याचा माल घेऊ नका, अशी मनाई प्रेषितांनी (स.) केल्याचं हदीसमध्ये आहे. कोणी घेतलाच, तर बाजारात पोहोचल्यावर मूळ मालकाला सौदा मोडायची मुभा. मला यातली शेवटची अट फार व्यवहारी वाटते. ती काफिलेवाल्याला अडाणी ठरवत नाही, खरेदीदाराला चोरही म्हणत नाही. ती एवढंच सांगते, की बाजार डोळ्यांनी पाहिल्यावर पुन्हा एकदा विचारा. मीही त्या पोराला विचारलं, "आता बातमी वाचलीस. अजून हवा आहे का?" तो नाही म्हणाला. ट्रेड तिथेच मोडला. न्यू जर्सीवाला ईदपर्यंत माझ्याशी बोलला नाही. ईदला त्याचा फोन आला, त्यात लीगचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही.

दुसरं प्रकरण माझ्या घरातलं. त्याच हंगामात, ट्रेड बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात, तळाला गेलेल्या एका संघाने निकोला योकिच देऊन टाकला. योकिच त्या हंगामात सामन्याला तीस गुण, तेरा रिबाउंड आणि दहा असिस्टच्या घरात होता. लीगमधला पहिला हिरा. बदल्यात घेतला असा एक खेळाडू, जो मोकळ्या यादीतून कोणालाही फुकट उचलता आला असता. देणारा होता माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, घेणारा थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे ही लीग चालवणारा भाचाच. दोघेही जाणते, दोघांना सगळ्या बातम्या माहीत, दोघेही राजी. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. अब्बांच्या पहिल्या दोन प्रश्नांना इथे स्वच्छ होकार होता.

तिसरा प्रश्न राहिला होता. मी धाकट्याला फोन लावला. म्हटलं, "योकिच द्यायचाच होता, तर हाच खेळाडू घेऊन तो बाकीच्यांपैकी कोणाला दिला असतास का? कोणाला विचारलंस तरी का?" तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मी तर हरलोच आहे. भाऊ तरी जिंकू दे." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, प्रेमच होतं. पण त्या प्रेमाची किंमत उरलेले आठ जण मोजणार होते, आणि त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. ट्रेड मोडला. रात्री थोरल्या आपाचा फोन. "पोरांनी घरातल्या घरात दिलं-घेतलं, तर तुझं काय गेलं? बाहेरच्यांपुढे आपल्याच मुलाला खाली पाहायला लावलंस." तिला मी एवढंच म्हणालो, की बाहेरच्याच्या बाबतीत हेच केलं असतं, आणि घरच्याच्या बाबतीत केलं नसतं, तर उद्यापासून माझा न्याय कोणी मागितला नसता. तिला ते पटलं असं मी म्हणणार नाही.

या दोन प्रकरणांनंतर माझ्या मनात एक कसोटी पक्की झाली. सौदा बरोबरीचा आहे का, हा प्रश्नच मी आता विचारत नाही. मी विचारतो, या दोघांपैकी प्रत्येकाला तिसऱ्याकडे जायची वाट उघडी होती का? आणि ती माहीत होती का?

खजुरांची एक हदीस आपल्यातल्या अनेकांनी ऐकलेली असेल. खैबरहून उत्तम खजूर आला. तिकडचा सगळा खजूर असाच असतो का, अशी विचारणा झाली. उत्तर आलं, नाही, आम्ही साधा खजूर दोन मापं देतो आणि हा एक माप घेतो. प्रेषितांनी (स.) तसं करण्यास मना केलं आणि सांगितलं, की साधा खजूर बाजारात पैशाला विका आणि त्या पैशातून चांगला खजूर घ्या. हा विषय व्याजाच्या, म्हणजे रिबाच्या नियमांचा आहे आणि त्याचा अर्थ लावणं जाणकारांचं काम. मी फक्त त्यातली एक साधी व्यवहाराची गोष्ट बघतो. दोन मापांना एक माप हे योग्य की अयोग्य, हे दोघांच्या मधे उभं राहून कोणालाच सांगता येत नाही. माल बाजारात गेला, की दहा गिऱ्हाइकं मिळून सांगतात.

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्याच दिवसांत डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवलं तेव्हा अख्खं बास्केटबॉलचं जग हादरलं. पंचविशीतला, संघाला आदल्याच वर्षी अंतिम फेरीत नेलेला खेळाडू. बदल्यात एकतिशीतला अँथनी डेव्हिस, एक तरुण खेळाडू आणि २०२९ मधली पहिल्या फेरीतली एक निवड. लोक डेव्हिस कमी की जास्त यावर वाद घालत राहिले. मला खटकलं ते वेगळंच. संघाचे व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी ही बोलणी गुपचूप फक्त लेकर्सशीच केली. बाकीच्या संघांना हा खेळाडू मिळू शकतो, हेच ठाऊक नव्हतं. बैल उन्हात उभाच केला नाही. मग त्याचा भाव बरोबर होता, असं कोण म्हणणार? पुढे नशिबाने साथ दिली. १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला २०२५ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड मिळाली आणि कूपर फ्लॅगसारखा पोरगा हाती आला. पण नंतर आलेलं नशीब आधीच्या सौद्याला रास्त ठरवत नाही. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांना जावं लागलं.

यंदापासून आमच्या लीगमध्ये एकच नियम आहे. जो खेळाडू बदलायचा, त्याचं नाव ग्रुपवर टाकायचं आणि चोवीस तास थांबायचं. त्या वेळात कोणीही आपला प्रस्ताव द्यावा. मग वाटेल त्याला द्या, वाटेल ते घ्या, मी मधे पडणार नाही. चोवीस तास अशासाठी, की त्यात पुण्याची दुपारही येते, न्यू जर्सीची दुपारही येते आणि वाटूरच्या झोपलेल्या पोराची सकाळही येते. या हंगामात अजून एकही ट्रेड मला मोडावा लागलेला नाही.

गुरांच्या बाजारात मात्र हे उलटं होत गेलेलं मी पाहिलं. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. त्याच्या आधी म्हाताऱ्या बैलाला शेवटचं एक गिऱ्हाईक होतं. ते गिऱ्हाईक असल्यामुळे बाकीच्या गिऱ्हाइकांना भाव पाडता येत नसे. म्हातारा बैल देऊन, वर पैसे घालून तरुण बैल आणायची शेतकऱ्याची सोय त्यावर उभी होती. मग वाटेत गाड्या अडवणं, मारहाण, गुन्हे हे सगळं वाढत गेलं, आणि २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. बाजारात जनावरं होती, घेणारे नव्हते. या मुद्द्यावर कोणाची श्रद्धा काय आहे, याच्याशी मी वाद घालत नाही. पण उपरण्याखाली हात घातलेल्या शेतकऱ्याचं काय झालं, ते सांगायला हवं. समोरच्याने कमी बोटं धरली तरी हात मागे घेऊन जायला त्याला दुसरीकडे जागा राहिली नाही. तो आजही मान हलवतो, सौदा होतो, दोघे राजी दिसतात. अब्बा असते तर त्यांनी तिसरा प्रश्न विचारलाच असता. आणखी कोणाकडे बघितलंस का? आणि त्या शेतकऱ्याने रिकाम्या बाजाराकडे बोट दाखवलं असतं.